दिगू, डब्यात दुसरीच टेप होती

दिगू,

मागच्या रविवारी तुझी शोकसभा झाली. तू असतास तर मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसला असतास आणि तिसरा वक्ता उभा राहताच चहा प्यायला बाहेर गेला असतास. मला तसं करता आलं नाही, कारण मला मंचावर बसवलं होतं. तुझ्या फोटोशेजारी तुझं ते मोठं स्पूलचं मशीन ठेवलं होतं आणि फोटोबरोबर त्यालाही झेंडूचा हार घातला होता. मंडळाच्या अध्यक्षांनी तुला आधी 'ध्वनितपस्वी' म्हटलं आणि त्याने समाधान न झाल्यामुळे 'नादब्रह्माचे उपासक' म्हटलं. तू सिकंदराबादला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात नोकरी केलीस आणि संध्याकाळी लोकांचे जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेस, एवढं सांगून भागलं असतं. पण मग सभागृह कशाला घेतलं, असा प्रश्न पडला असता.

वातावरण तयार व्हावं म्हणून मशीन चालू ठेवलं होतं. टेप लावलेली नव्हती, नुसत्या दोन रिकाम्या चकत्या फिरत होत्या. हाराची एक पाकळी टेप वाचणाऱ्या हेडजवळच्या फटीत पडली आणि मला भाषणांतलं पुढचं काही ऐकू येईना. माझं नाव पुकारलं तेव्हा मी आधी मशीन बंद केलं, बोटाने पाकळी काढली आणि मग माईकपाशी गेलो. लोकांना तो श्रद्धांजलीचाच भाग वाटला. दोन-तीन जणांनी डोळे पुसले.

मी अडीच मिनिटं बोललो. तू किती काटेकोर, किती साधा वगैरे. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही मला सांगायचं नव्हतं. समोर पहिल्या रांगेत केतकी बसली होती. तुझ्या मुलीला मला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती मी तुलाही सांगितली नव्हती. ती नलिनीच्या टेपची आहे. नलिनी गेली तेव्हा केतकी चौदा महिन्यांची होती. तिच्या आईचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, तुझ्या कपाटातल्या एका टेपवर, जेमतेम तीन मिनिटं. तो आता तिथे नाही. तू गेलास त्याच्या आधीच तो गेला होता, आणि माझ्या हातून गेला होता. तुला हे माहीत नव्हतं.

निदान मी तसं धरून चाललो आहे.

आपली ओळखच मुळी चुकीच्या टेपमुळे झाली. विद्यानगरला एका व्हरांड्यावर आपल्या खोल्या होत्या. तुझं नुकतंच लग्न झालेलं, रेल्वेत नवा लागलेला तू. कॉलेजात इतिहास शिकवायला नवा लागलेला मी. जुन्या सामानाच्या जुमेरात बाजारातून मी एक जडशीळ टेपरेकॉर्डर उचलून आणला होता आणि त्याच्याबरोबर दुकानातली सगळ्यात लांब टेप. एका चकतीत तिप्पट मावतं, असं दुकानदार म्हणाला होता आणि मला माझ्या व्यवहारचातुर्याचं कौतुक वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मागे गुंडाळताना मशीनने ती टेप ओढून ओढून दोऱ्यासारखी केली. तो आवाज ऐकून तू दारात येऊन उभा राहिलास.

"लांब टेप म्हणजे पातळ टेप, मास्तर," तू म्हणालास. "तेवढ्याच चकतीत तिप्पट मावायचं तर दुसरं काय होणार? आणि हे मशीन पहिलवान आहे. त्याच्या हातात तुम्ही मलमलीचा रुमाल दिलात."

"दुकानदार म्हणाला, कुठल्याही मशीनला चालते."

"दुकानदाराला चालते. मशीनला विचारलंत का?"

'तुम्ही' दोन दिवसांत गेलं, 'मास्तर' शेवटपर्यंत राहिलं. ते आदराने म्हणत नव्हतास हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

टेप कुठली घ्यावी असं विचारणाऱ्याला तू टेपचं नाव कधी सांगितलं नाहीस. निवृत्त झाल्यावर तारनाक्याच्या तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत दिवसभर फोन यायचे. कुणाच्या आजोबांचं मशीन माळ्यावर सापडलेलं असायचं, कुणी हौसेने विकत घेतलेलं असायचं, आणि सगळ्यांना एका वाक्यात उत्तर हवं असायचं. तुझ्याकडून त्यांना प्रश्न मिळायचे. मशीन कुठलं, कधीचं, चकती केवढी बसते, मागे गुंडाळताना दणका देतं का, टेप कुठे ठेवणार, त्या खोलीत पावसाळ्यात ओल येते का. निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे. तुला त्याचं समाधान वाटायचं, असा माझा आरोप आहे.

तो गच्चीबावलीचा पुणेकर आठवतो ना? सॉफ्टवेअरवाला, दाढी कोरलेली. फोनवर भागेना म्हणून स्वतः आला होता.

"काका, बेस्ट टेप कुठली तेवढं सांगा. बजेटचा इश्यू नाही."

"बेस्ट कुणासाठी?"

"म्हणजे, ओव्हरऑल."

"ओव्हरऑल नावाचं मशीन अजून कुणी केलेलं नाही. तुमचं कुठलं?"

मग तू त्याला शिकवायला बसलास. जुनं मशीन म्हणजे ठरावीक दाब देऊन लिहिणारा माणूस, तू म्हणालास. ज्या कागदावर तो लिहायला शिकला, त्यावर त्याचं अक्षर स्वच्छ येतं. उत्साहाने त्याच्यापुढे नंतरच्या काळातली जोरकस, महागडी टेप ठेवली तर अक्षर पुसट उमटतं, आणि दोष पेनला मिळतो. पाठीवर काळा लेप असलेली टेप नको. जुनी असेल तर नक्कोच, कारण दमट हवेत ती चिकट होते आणि हेडवर डिंकासारखी बसते. जाड घ्या, साधी घ्या, मशीन ज्या काळातलं त्या काळाच्या स्वभावाची घ्या. तो बिचारा सगळं मोबाईलवर टिपत होता. शेवटी उठताना म्हणाला, "तर मग काका, कुठली ऑर्डर करू?"

"आधी मशीन घेऊन या. टेप त्याला बघून ठरवू."

तो गेल्यावर मी म्हणालो, "तू तर मुलगी दाखवायचे कार्यक्रम करतोस."

"तिथेही लोक डबाच बघतात," तू म्हणालास.

डब्यावर तुझा राग होता. टेपांचे पुठ्ठ्याचे डबे फाटतात, हरवतात, आणि माणसं हाताला येईल त्या डब्यात हाताला येईल ती चकती ठेवून देतात. म्हणून डब्यावर काय छापलंय ते वाचू नये, टेप बाहेर काढावी आणि चकती आडवी धरून उजेडापुढे न्यावी. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती जुनी, अ‍ॅसिटेटची. नाही दिसला तर नंतरची, पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट कोरडी पडते, कडक होते, तुटते. तिला ऊब दाखवायची नाही. पॉलिएस्टर तुटत नाही, ताणते. तीच चिकट झाली असेल तर मंद ऊब देऊन काही दिवसांपुरती बरी करता येते. दोघींची औषधं उलटी. एकीचं दुसरीला दिलंस तर संपलं.

हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी ते ऐकणं सोडून दिलं. प्रत्येक टेप खिडकीशी नेऊन, एक डोळा मिटून तू तिच्याकडे बघायचास तेव्हा मी म्हणायचो, झालं का अर्घ्य? हातात सुती मोजे, टेप कपाटातून काढली की दिवसभर तशीच ठेवायची, मशीनचे हेड पुसताना बोलायचं नाही. यात शास्त्र किती आणि सोवळं किती, हा आपला जुना वाद. माझं म्हणणं, कुठलंही काम पुरेशी वर्षं केलं की माणूस त्याचा पुरोहित होतो. तू म्हणायचास, "हौ. आणि तू चाळीस वर्षं पोरांना साधन तपासा, साधन तपासा म्हणून ओरडलास, ते काय होतं? मंत्रच ना?"

वाद मिटला नाही. मला तो मिटवायचाही नव्हता. समारंभी माणसांवर हसायची सवय लागली की हातातलं काम नीट करणाराही आपल्याला समारंभ करताना दिसू लागतो. ही गोष्ट मला आत्ता कळते, आणि आत्ता तिचा उपयोग नाही.

दुसरा वाद मात्र आपण मोठ्याने कधी घातलाच नाही. तो नलिनीच्या टेपचा.

तू ती केतकीला ऐकवली नाहीस. ती शाळेत होती तेव्हा म्हणालास, लहान आहे. कॉलेजात होती तेव्हा मशीनचं हेड झिजलं होतं. तिचं लग्न झालं, ती बंगळूरला गेली, तेव्हा तुला नक्कल करायला योग्य टेप मिळत नव्हती. मी म्हणालो, अरे, कॉम्प्युटरवर घे, पाच मिनिटांचं काम. तू म्हणालास, घेऊ, पण आधी टेपवर एक नक्कल. फाइल हरवली तर कळतही नाही. टेप सडते तेव्हा निदान वासाने सांगते. वाक्य चांगलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण मला खरं काय वाटत होतं ते आज सांगतो. जगातल्या कुठल्याही अडाण्याला त्याच्या मशीनसाठी टेप निवडून देणाऱ्या तुला, या एका टेपसाठी काहीच पसंत पडत नव्हतं, याचा टेपशी संबंध नव्हता. ऐकायची तुला भीती होती. किंवा केतकी ऐकेल आणि मग तुला विचारेल, अजून सांगा, आणि तुझ्याकडे अजून काही नसेल, ही भीती. यातलं काही मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तू चिडला असतास, आठवडाभर आला नसतास, आणि कदाचित टेप लावली असतीस.

मग तू हॉस्पिटलात गेलास. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीला लवकर बोलावून घ्या. केतकीने रजा टाकली. ती मंजूर होऊन तिला यायला चार दिवस लागणार होते. तुझे कपडे, चष्मा, औषधांची फाईल आणायला घराची किल्ली माझ्याकडे होती. तुझ्या खोलीत उभा असताना मला वाटलं, आता हे कुणीतरी करायला हवं. तू घरी येशील किंवा येणार नाहीस. आलास तर केतकीला आणि तुला बसवून ऐकवू, नाही आलास तर निदान तिला. हेतू चांगला होता, हे सांगण्यात अर्थ नाही. इतिहासात चांगल्या हेतूंची कमतरता मला कधी आढळली नाही.

कपाटातून नलिनीची टेप काढली. मशीनवर चढवली, तुला शेकडो वेळा चढवताना पाहिलं होतं तशी. चालू केलं तर ती किंचाळली. आवाज नाही, शब्द नाही, नुसती एक लांब कर्कश किंकाळी. मी लगेच बंद केलं. डबा उचलून वाचला. त्यावर त्याच परदेशी कंपनीचं नाव होतं, जिच्या टेपा दमट हवेत चिकट होतात आणि ऊब दिली की सुधारतात असं तू दहा जणांना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. तुझं ते फळं सुकवायचं यंत्र टेबलाखालीच होतं, ज्यात तू अशा टेपा ठेवायचास. किती उष्णतेवर आणि किती तास, ते तूच चिकटपट्टीवर लिहून त्याच्या झाकणाला लावलं होतंस. सगळं जुळत होतं. डबा, किंकाळी, यंत्र, तुझं अक्षर.

सकाळचे आठ वाजले होते. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती, दोन पावलांवर, आणि तिच्यातून भरपूर ऊन येत होतं.

मी दोन पावलं गेलो नाही. विसरलो असंही नाही. मनात आलं आणि मी स्वतःशी हसलो, की आता मीही अर्घ्य द्यायला लागलो तर मास्तर म्हणून काय राहिलो? छापलेलं वाचून विश्वास ठेवणं हा माझा धंदा. मी टेप यंत्रात ठेवली आणि चार वाजता परत आलो.

झाकण उघडल्याबरोबर वास आला. आंबूस, व्हिनेगरसारखा. टेप चकतीवर उन्हात पडलेल्या केळीच्या पानासारखी वळली होती, कडा लाटांसारख्या झालेल्या. टोक उचललं तर माझ्या बोटांत कट्कन तुटलं. ताणलं नाही. तुटलं. तेव्हा मी ती चकती खिडकीशी नेली. उजेड आरपार दिसत होता.

साडेपाचला मी तुझ्या खाटेशेजारी होतो. चष्मा दिला, कपडे दिले. तू हात धरून मला जवळ ओढलंस, वास घेतलास, आणि विचारलंस, "मास्तर, लोणचं घालतोयस का?"

"कॅन्टीनमध्ये काहीतरी खाल्लं," मी म्हणालो.

 मग म्हणालास, "घरी सगळं ठीक?"

"हौ. सगळं ठीक."

दिगू, ज्या माणसाने चाळीस वर्षं दारात उभं राहून नुसत्या वासावर टेपची जात ओळखली, त्याला तो वास कळला नसेल का? मी रोज या प्रश्नाचं उत्तर वेगळं देतो. तू आजारी होतास, नाकात नळी होती, औषधांचा वास होता. हे एक उत्तर. दुसरं उत्तर पुढच्या गोष्टीत आहे.

दुसऱ्या दिवशी तू मला वही काढायला सांगितलंस. म्हणालास, केतकी येतेय, आता करून टाकू. नक्कल करायला नवी टेप मागव. आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता तू एका दमात सांगितलंस. सात इंची चकती. जाड, दीड मिलची. पाठीवर लेप नसलेली. नवी बनावट चालेल पण साध्या ताकदीची, आपल्या मशीनला मानवणारी. एकच पुरे. मी लिहून घेतलं. माझं अक्षर नीट येत नव्हतं, तू दोनदा म्हणालास, सावकाश लिही, कायकू घाई? त्याच संध्याकाळी मी ती तुझ्या पत्त्यावर मागवली. ज्याची नक्कल करायची ते उरलं नाही हे मला माहीत होतं, तरी मागवली, कारण नाही मागवली असं तुला सांगावं लागलं असतं. केतकी आली, तू तिच्याशी तीन दिवस बोललास, फार नाही, आणि गेलास. टेप यायची होती.

तू ती खरंच नकलेसाठी मागवलीस का? की मला बोलायला जागा करून दिलीस, आणि मी ती घेतली नाही? सांगणारा आता कुणी नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी केतकीचा फोन आला. "काका, इथे एक पार्सल आलंय तुमच्या नावानं. टेप आहे. बाबांनी मागवलेली का?"

मी तारनाक्याला गेलो. ती तुझ्या खुर्चीत बसली होती, समोर ती टेप आणि सभागृहातून परत आलेलं मशीन, त्याच्या फटींत अजून झेंडूचा चुरा. ती कापसाच्या काडीने तो काढत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबा, यंत्र, आठ तास, खिडकी. हॉस्पिटलात काय बोललो तेही.  ती उठून आत गेली आणि मला स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासायला दोन कप होते.

बाहेर येऊन तिने विचारलं, "टेंपरेचर किती होतं?"

मी सांगितलं.

"पूर्ण आठ तास?"

"हो."

"तुकडे ठेवलेत?"

मी पिशवीतून काढून दिले. तिने एक तुकडा खिडकीशी धरला, एक डोळा मिटून. तुझ्या घरात माणसं अशी बघतात, त्याला ती तरी काय करणार! मग म्हणाली, "मला राग आलाय, काका. खूप. तो इतक्यात जाणार नाही, त्यामुळे तुम्ही सॉरी वगैरे म्हणू नका, मला त्याचं काय करायचं ते कळणार नाही." परदेशात अशा टेपांतूनही काही सेकंद काढणारे लोक आहेत, त्यांना ती पाठवून बघणार आहे. मी आशा धरलेली नाही. तिने धरली आहे की नाही, ते मी विचारलं नाही.

"तुम्ही ती ऐकली होती ना?" तिने विचारलं.

"ऐकली होती. भरली तेव्हा मी तिथेच होतो. माईक मी धरला होता."

हे तिला तू कधी सांगितलं नव्हतंस. मलाही ते सांगण्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आता नलिनी कशी बोलायची हे ठाऊक असलेला जगात मी एकटाच आहे, आणि तो माणूस मी असावा हे काही बरं नाही.

केतकीने नवी टेप उघडली. तुझ्यासारखी नाही, पण बरोबर चढवली. म्हणाली, "बोला. आठवतं तेवढंच. पदरचं लावून काही सांगू नका."

टेप फिरायला लागली. मशीनला ती मानवली. तू बरोबर निवडली होतीस. मी सांगितलं की ती विद्यानगरची खोली होती, दुपार होती, तू दुरुस्त केलेलं एक मशीन तपासत होतास आणि नलिनीला म्हणालास, काहीतरी वाच. तिच्या हाताला तुझं रेल्वेचं वेळापत्रक आलं. ती काझीपेटच्या गाडीची स्टेशनं वाचायला लागली. सिकंदराबाद, मौला अली, चर्लापल्ली, घटकेसर, बीबीनगर, भोनगीर. नव्यानेच इथे आलेली, तेलुगू नावं ती जेवणाच्या ताटातल्या अनोळखी भाजीसारखी जपून उचलत होती. मागे केतकी रडत होती, सहा महिन्यांची असेल. भोनगीरनंतर मला क्रम नक्की आठवत नाही. आलेर आधी की रायगीर, ती कुठे अडखळली, तेही नाही. जनगावपाशी ती थांबली आणि म्हणाली, मी इथे उतरते, माझा कुकर लागलाय. मग हसली. हसू पूर्ण व्हायच्या आत तू बटण दाबलंस, कारण मशीन चालतंय एवढं तुला कळलं होतं.

केतकीने विचारलं, आवाज जाड होता की बारीक. मी म्हणालो, सकाळी जाड असायचा. तिने विचारलं, माझ्यासारखा? मी म्हणालो, तू रागात असताना बोलतेस तसा, पण ती रागात नसायची. हे बरोबर आहे का, दिगू? मी खूप प्रयत्न करून सांगितलं. तू असतास तर निम्म्या गोष्टी खोडून काढल्या असत्यास.

मला वाटलं, आता ती बंद करेल. तिने केलं नाही.

"आता ती टेप कशी गेली ते पण सांगा," ती म्हणाली. "मघाशी सांगितलंत तसं. सगळं."

मी मशीनकडे बघून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

"बाबांना सांगितलंत?"

"नाही."

"त्यांना कळलं होतं?"

मी गप्प बसलो. चकत्या फिरत राहिल्या. ती वाट बघत राहिली. अखेर मी म्हणालो, "माहीत नाही." मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. टेपवर मोजता येईल.